पाणलोटाच्या कामाचा लॉगफ्रेम कसा भरावा

लॉगफ्रेम, म्हणजेच तार्किक आराखडा, हा प्रकल्पाचे नियोजन मांडणारा चार ओळींचा आणि चार रकान्यांचा तक्ता १९६९ च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी मदत संस्थेसाठी तयार झाला आणि पुढे जर्मनीच्या जीटीझेड या विकास सहकार्य संस्थेने त्याला समस्यावृक्षाची व लोकांसोबत बसून करायच्या नियोजन कार्यशाळांची जोड दिली. निधी मागताना तो प्रस्तावासोबत जोडावा लागतो, म्हणून अनेकदा तो कार्यालयात बसून शेवटच्या दोन दिवसांत भरला जातो. त्याने कामाचे मोठे नुकसान होते.

सुरुवात तक्त्यापासून न करता समस्यावृक्षापासून करावी. ग्रामसभेत किंवा वस्तीवरच्या बैठकीत ‘मार्चनंतर विहिरी कोरड्या पडतात’ ही मुख्य अडचण मध्यभागी लिहून तिची कारणे खाली आणि परिणाम वर मांडावेत. पाणी भरणाऱ्या बायकांना या बैठकीत आवर्जून बोलते करावे, कारण कोणती विहीर कोणत्या आठवड्यात आटते हे त्यांना नेमके ठाऊक असते.

मग पहिला रकाना भरावा. त्यात खालून वर कृती, निष्पत्ती, उद्दिष्ट आणि ध्येय या चार ओळी असतात. सलग समतल चर (उतारावर समान उंचीच्या रेषेत पाणी अडवणारे चर) खोदणे आणि माती नाला बांध घालणे या कृती झाल्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत उपचार झालेले क्षेत्र ही निष्पत्ती. मेअखेरपर्यंत विहिरींना पाणी टिकणे हे उद्दिष्ट. आणि शेतीचे उत्पन्न स्थिरावून हंगामी स्थलांतर घटणे हे ध्येय. निष्पत्ती आणि उद्दिष्ट यांची गल्लत सर्वाधिक होते. एका गावी मी स्वतः उद्दिष्टासमोर चरांची लांबी लिहिली होती. चर ठरल्याप्रमाणे पूर्ण झाले, अहवालही चांगला गेला, पण एप्रिलमध्ये गावात टँकर आलाच.

त्याचे कारण चौथ्या, म्हणजे गृहीतकांच्या (आपल्या हाताबाहेरच्या, पण खऱ्या ठरायलाच हव्यात अशा गोष्टींच्या) रकान्यात सापडले असते. तक्ता खालून वर असा वाचायचा असतो: कृती पूर्ण झाल्या आणि त्यांच्यासमोरची गृहीतके खरी ठरली, तर निष्पत्ती मिळेल, निष्पत्ती मिळाली आणि तिच्यासमोरची गृहीतके खरी ठरली, तर उद्दिष्ट साधेल. ‘मुरलेले पाणी नव्या बोअरवेल उपसून नेणार नाहीत’ हे गृहीतक मी लिहिलेच नव्हते. जे गृहीतक खोटे ठरण्याची शक्यता मोठी आहे आणि ज्यावर सारे अवलंबून आहे, ते तिथे नुसते लिहून थांबू नये. त्यासाठी कृती ठरवावी. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअरवेल न घेण्याचा नियम केला आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून पिके ठरवली, त्यामुळे उपशाचा प्रश्न नशिबावर राहिला नाही.

दुसऱ्या रकान्यातल्या निर्देशकांत, म्हणजे यश मोजायच्या खुणांत, संख्या, दर्जा, काळ आणि ठिकाण असावे. ‘पाणीपातळी वाढेल’ हा निर्देशक नव्हे. ‘निवडलेल्या १० विहिरींपैकी किमान ७ विहिरींत मेअखेर २ मीटर पाणी असेल’ हा निर्देशक आहे, मात्र त्यासाठी काम सुरू होण्याआधीच्या मे महिन्याची नोंद हवी. तिसऱ्या, म्हणजे पडताळणीच्या रकान्यात कोण, कधी आणि कशाने मोजणार तेही लिहावे. विहिरीच्या कठड्यावर रंगाची एक खूण करून प्रत्येक वेळी तिथूनच मोजपट्टी सोडावी, नाहीतर दोन माणसांच्या मापांत वीतभर फरक पडतो. राज्य शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घेते. आपलेही वेळापत्रक तेच ठेवले तर तुलना सोपी जाते.

कृतींचा आढावा दरमहा आणि निष्पत्तीचा पावसाळ्यानंतर घ्यावा. मूल्यमापनात मात्र उद्दिष्टाकडे पाहावे, आणि पाणी वाढल्याचे श्रेय बंधाऱ्यांना देण्यापूर्वी त्या वर्षीचा पाऊस व काम न झालेल्या शेजारच्या गावच्या विहिरी तपासाव्यात. दर ऑक्टोबरला हा तक्ता पुन्हा ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि एखादे गृहीतक मोडले असेल तर ती ओळ बदलून शेजारी तारीख व कारण लिहावे.