सदोष संपादनाच्या पुस्तकातून टेनपिन बोलिंगमधील फेरबदल कसे शिकावेत

टेनपिन बोलिंगचे पुस्तक जाणत्या खेळाडूने लिहिलेले असूनही नीट संपादित झाले नसेल, तर सर्वाधिक नुकसान होते ते फेरबदलांच्या, म्हणजे उभे राहण्याची जागा आणि लक्ष्य बदलण्याच्या, प्रकरणाचे. पकडीच्या किंवा पावलांच्या वर्णनात एखादा शब्द चुकला तरी संदर्भावरून अर्थ लागतो. परंतु ‘दोन बोर्ड डावीकडे सरका’ या सूचनेत ‘डावीकडे’च्या जागी ‘उजवीकडे’ छापले गेले, तरी वाक्य तितकेच निर्दोष दिसते आणि बॉल मात्र भलतीकडे जातो. असे पुस्तक टाकून देण्याची गरज नाही. लेनची मापे ठरलेली असल्यामुळे त्यातील बहुतेक सूचना वाचकाला स्वतः पडताळता येतात, आणि ती पडताळणी करता करताच फेरबदलांमागचे कारणही समजते.

फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना ओलांडायची नसते त्या रेषेपासून, १ क्रमांकाच्या पिनपर्यंतचे अंतर ६० फूट असते. लेन साडेएकेचाळीस इंच रुंद असून ती ३९ बोर्डांत, म्हणजे इंचापेक्षा किंचित रुंद अशा पट्ट्यांत, विभागलेली असते. फाउल लाइनच्या पुढे साधारण १२ ते १६ फुटांच्या टप्प्यात, दर पाचव्या बोर्डावर एक याप्रमाणे सात बाण असतात. हिशेबासाठी ते सर्व १५ फुटांवर आहेत असे धरले तरी चालते. उजव्या हाताने खेळणारा बोर्ड उजव्या कडेपासून मोजतो आणि डावखुरा डाव्या कडेपासून, तर मध्यावरचा २०वा बोर्ड दोघांसाठी सारखाच असतो. म्हणून लेखक कोणत्या कडेपासून मोजतो आहे, हे प्रत्येक प्रकरणात आणि प्रत्येक आकृतीत स्वतंत्रपणे पाहावे. आकृती उलटी छापली गेली आहे का, हे पिनांच्या क्रमांकांवरून लगेच कळते: खेळाडूच्या बाजूने पाहताना ७ क्रमांकाची पिन डाव्या कोपऱ्यात आणि १० क्रमांकाची उजव्या कोपऱ्यात असलीच पाहिजे.

दिशेच्या चुका पकडण्यासाठी एकच नियम पुरेसा आहे. लक्ष्य म्हणून धरलेला बाण तोच ठेवून पाय सरकवले, तर पिनांजवळ बॉल पायांच्या विरुद्ध बाजूला जातो. उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल पॉकेटच्या, म्हणजे १ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमधील जागेच्या, डावीकडे जात असेल तर पाय डावीकडे न्यावेत, असे पुस्तक सांगते. डाव्या कोपऱ्यातली ७ क्रमांकाची पिन पाडायची असेल तर पाय उजवीकडे न्यावेत, असेही तेच पुस्तक सांगते. नवशिक्याला ही दोन वाक्ये परस्परविरोधी वाटतात आणि पुस्तकाच्या इतर चुका पाहिल्यावर त्याला इथेही छपाईचा दोष दिसू लागतो. वास्तविक दोन्ही बरोबर आहेत, कारण पहिल्या ठिकाणी बॉल उजवीकडे आणायचा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी डावीकडे न्यायचा आहे.

आकड्यांसाठी थोडे गणित करावे लागते. फाउल लाइन ते बाण १५ फूट आणि बाण ते पिना ४५ फूट, म्हणजे हे अंतर तिप्पट आहे. त्यामुळे लक्ष्य न बदलता पाय फाउल लाइनवर एक बोर्ड सरकले, तर बॉल पिनांजवळ तीन बोर्ड विरुद्ध दिशेला जातो. लक्ष्यही सरकवले असेल तर त्याच्या सरकण्याची चौपट घ्यावी आणि तीतून पायांच्या सरकण्याची तिप्पट वजा करावी. पाय दोन आणि लक्ष्य एक बोर्ड डावीकडे, हा सर्वत्र आढळणारा फेरबदल या हिशेबाने चार वजा सहा, म्हणजे उणे दोन देतो. अर्थात बॉल दोन बोर्ड उजवीकडे जातो. पाय आणि लक्ष्य दोन्ही एकेक बोर्ड डावीकडे नेले, तर बॉलही एकच बोर्ड डावीकडे जातो. पुस्तकातले उत्तर याच्या आसपासही नसेल, तर तो आकडा संशयित समजावा.

आसपास हा शब्द मात्र गांभीर्याने घ्यावा, कारण हा हिशेब सरळ रेषेचा आहे आणि घाईने लावला तर बरोबर माहितीही चुकीची ठरते. स्पेअरसाठीच्या, म्हणजे पहिल्या फेकीनंतर उरलेल्या पिना दुसऱ्या फेकीत पाडण्यासाठीच्या, ३-६-९ पद्धतीत २, ४ आणि ७ क्रमांकाच्या पिनांसाठी स्ट्राइकच्या (एकाच फेकीत सर्व पिना पाडण्याच्या) जागेवरून अनुक्रमे ३, ६ आणि ९ बोर्ड उजवीकडे उभे राहायला सांगतात. पॉकेटकडे जाणाऱ्या बॉलला त्या पिनांपर्यंत पोहोचण्यासाठी सुमारे ८, १४ आणि २० बोर्ड डावीकडे जावे लागते, तर वरच्या गणिताने ९, १८ आणि २७ येतात. इथे पुस्तकातली पद्धत खोटी नाही; बोर्ड कुठे मोजायचे, एवढेच लिहायचे राहून गेलेले असते. खेळाडू फाउल लाइनच्या मागे १२ ते १५ फुटांवर उभा राहतो. तो १५ फूट मागून थेट लक्ष्याच्या रेषेत चालत गेला, तर बाणापर्यंतचे अंतर ३० फूट होते आणि तिप्पट नव्हे, दीडपटच परिणाम मिळतो: साडेचार, नऊ आणि साडेतेरा. प्रत्यक्षातली चाल या दोन टोकांच्या मधली असते आणि हवे असलेले तिन्ही आकडेही तिथेच बसतात. माझ्या मते बोलिंगच्या पुस्तकांतली सर्वांत महागात पडणारी उणीव हीच आहे, आणि म्हणून ‘पाय’ हा शब्द येईल तिथे सुरुवातीची जागा की घसरून थांबण्याची जागा, हे समासात पेन्सिलीने लिहून ठेवावे.

लेनवर लावलेल्या तेलाबद्दलच्या सूचना वेगळ्या काढाव्यात. नेहमीच्या लेनवर मध्यभागी तेल जास्त आणि कडांना कमी असते. खेळ होत जातो तसे वापरातल्या मार्गावरचे तेल उडते आणि हुक होणारा, म्हणजे पिनांकडे जाताना वळणारा, बॉल लवकर वळू लागतो, म्हणून पाय व लक्ष्य मध्याकडे न्यावे लागतात. मॉलमधल्या लेनवर मिळणारा प्लॅस्टिकचा सामायिक बॉल फारसा वळत नाही, त्यामुळे तिथे हे प्रकरण तपासू नये. स्पेअरचे प्रकरण तपासावे.

लेनवर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाय कोणत्या बोर्डावर थांबला, बॉल बाणांपाशी कोणत्या बोर्डावरून गेला आणि पिनांपाशी कुठे लागला, या तिन्ही नोंदी प्रत्येक फेकीनंतर कराव्यात. मागून फोनवर चित्रण केल्यास दुसरी नोंद नक्की होते. बॉल ठरवलेल्या बाणावरून गेलाच नसेल, तर ती फेक पुस्तकाच्या बाजूनेही मोजू नये आणि विरुद्धही मोजू नये. बाणावरून नीट गेलेल्या अनेक फेकी एकाच बाजूला चुकत असतील, तेव्हाच छापील आकडा खोडून स्वतःचा आकडा लिहावा आणि बाजूला बॉल व लेन यांची नोंद ठेवावी. वेग, मनगट आणि बॉल सोडण्याची पद्धत यांबद्दलच्या सूचना या गणिताने पडताळता येत नाहीत. तिथे मजकूर आणि छायाचित्र जुळत नसेल, तर जाणत्या खेळाडूला प्रत्यक्ष दाखवेपर्यंत ते पान बाजूला ठेवावे, विशेषतः मनगट वळवण्याबद्दलचे, कारण जड बॉलसह चुकीचे वळण घेतले तर दुखापत होऊ शकते.