"खेळू दे, त्यांचं ते बघून घेतील": डॉग पार्कमधल्या या चुका टाळा

आमची कुत्री झिपरी दीड वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. एक धिप्पाड लॅब्राडोर पार्कात आल्यापासून तिच्या मागे लागला होता. तिच्या मानेवर हनुवटी टेकवायची, पाठीवर चढायचं, ती बाकाखाली शिरली की तिथेही घुसायचं. त्याचे मालक लांबूनच म्हणाले, "फ्रेंडली आहे हो तो, काही करणार नाही." भिडेपोटी मीही गप्प राहिले. शेवटी झिपरीने त्याच्या कानाला दात लावले आणि सगळ्यांच्या लेखी भांडखोर तीच ठरली. त्याआधी तिने कितीतरी वेळा सांगितलं होतं. माझं लक्ष नव्हतं.

म्हणून पहिली चूक हीच: वाट बघत बसणं. शेपटी पोटाशी गेली, झोप आलेली नसताना जांभया सुरू झाल्या, कुत्रा सारखे ओठ चाटतोय, मान वळवल्यावर डोळ्याची पांढरी कड दिसतेय, तर त्याला ते नकोय. खरा खेळ आलटून पालटून चालतो. आता हा पळतो, मग तो. मध्येच पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतात, क्षणभर थांबतात, पुन्हा सुरू. शंका आली तर समोरच्या मालकाला त्याचा कुत्रा जरा धरून ठेवायला सांगा. तुमचा पुन्हा त्याच्याकडे गेला तर मजेत आहे. दूर सटकला तर उत्तर मिळालं.

आपला कुत्रा गुरगुरला की लोकांदेखत आपण त्यालाच दटावतो. असं करू नका, कळकळीने सांगते. गुरगुरणं ही ताकीद आहे. ती दाबून टाकली तर पुढच्या वेळी तो ताकीद न देता चावू शकतो.

दुसऱ्याच्या कुत्र्याला ओढू नका, मारू नका, त्याच्यावर खेकसू नका. तो बिथरतो आणि मालकही. दोन कुत्र्यांच्या मध्ये शांतपणे उभं राहा आणि आपल्या कुत्र्याबद्दल बोला: "दादा, ब्रूनोला जरा बोलावता का? माझी घाबरलीये." 'तुमचा कुत्रा त्रास देतोय' यापेक्षा हे पटकन ऐकलं जातं. नाहीच ऐकलं तर वाद न घालता आपण बाहेर पडायचं. चिडचिड होते, मान्य आहे. पण कुत्र्याला आपल्या बरोबर-चूकशी देणंघेणं नसतं, त्याला तिथून सुटायचं असतं.

पाठीवर चढण्यावरून काही जण हसतात, काही ओशाळतात. ते दरवेळी लैंगिक नसतं. नसबंदी झालेले कुत्रे आणि माद्याही चढतात, कधी अतिउत्साहात, कधी ताणामुळे. त्याला हाक मारून पाच मिनिटं बाजूला फिरवलं की बरेचदा निवळतं.

मोकळ्या कुत्र्यांमध्ये आपल्या कुत्र्याला लीशवर ताणून धरू नका, त्याला पळायला वाट उरत नाही. फाटकाशी घोळका असेल तर पांगेपर्यंत आत नेऊ नका. खाऊ आणि आवडता बॉल घरीच ठेवा.

आणि जुंपलीच तर? गळ्यातला पट्टा धरायला हात घालू नका, त्या भरात आपलाच कुत्रा आपल्याला चावू शकतो. आधी पाणी ओता, मोठा आवाज करा. तेवढ्याने भागलं नाही तर दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरून मागे ओढायचं. दाताचं भोक बाहेरून बारीक दिसतं, आत मांस फाटलेलं असू शकतं आणि दोन-तीन दिवसांनी पू होतो. केस बाजूला करून सगळं अंग तपासा आणि त्याच दिवशी व्हेटकडे न्या. रेबीजच्या बूस्टरचंही विचारा. माणसाला दात लागला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, समोरचे "आमच्याला लस दिलीये" म्हणाले तरीही.