कॅम्पमध्ये कोणाच्या डोळ्याला लागलं तर या चुका टाळा

ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून जीव वाचवून बांगलादेशात कॉक्स बाजारच्या निर्वासित कॅम्पमध्ये आले, बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या एकमेकींना चिकटून. अशा ठिकाणी जखमी डोळ्याला पहिला हात लावतो तो डॉक्टर नसतो, व्हॉलंटियर असतो, आणि कितीदा तरी मदत करता करताच डोळा जातो हो, म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कापूस ठेवून घट्ट पट्टी बांधणं. छर्रा, पत्रा, बांबूची काडी काहीही घुसलं असेल तर डोळा फुटलाय असंच धरून चाला. दाब पडला की आतलं बाहेर येतं. घुसलेलं ओढून काढू नका, डोळा धुऊ नका, मलम घालू नका. कागदी कपाचा खालचा भाग कापून डोळ्यावर पालथा ठेवा, कडा कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, डोळ्याला लागता कामा नये, मग चिकटपट्टी. उलटीचा जोरही घातक, मळमळत असेल तर आधी त्याचं औषध द्या.

चुना किंवा बॅटरीचं ॲसिड उडालं तर बरोब्बर उलटं. तिकडेही पान खातात, त्यामुळे चुना पोरांच्या हाती लागतोच. सलाईनची बाटली शोधत बसू नका, जे स्वच्छ पाणी असेल ते लगेच ओता, निदान अर्धा तास, आणि पापणी उलटी करून आत अडकलेले चुन्याचे कण काढा. नजर किती आहे ते नंतर बघू.

बाकी वेळी मात्र नजर आधीच तपासून चिठ्ठीवर लिहा, बोटं मोजता येतात की फक्त उजेड कळतो, आणि कधी लागलं तेही. कॅम्पबाहेर न्यायला परवानगी लागते, त्यात तास जातात, म्हणून कागद लगेच हलवा.

लाल डोळा दिसला की स्टेरॉइडचे ड्रॉप्स, हे तर बंदच करा!! बुबुळावर बुरशीची जखम असेल तर ती भडकते. बधिर करणारे ड्रॉप्सही घरी देऊ नका, दुखणं थांबतं पण जखम भरत नाही.

गोवरानेही डोळा जाऊ शकतो, म्हणून गोवर झालेल्या मुलाला व्हिटॅमिन ए विसरू नका, वर्षापुढच्याला 2 लाख युनिट, 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला 1 लाख, सलग दोन दिवस. आणि म्हाताऱ्यांना आपणहून विचारा, काचबिंदूचे थेंब पळताना घरीच राहिले का, कारण तो बहुतेक वेळा दुखत नाही म्हणून ते सांगतच नाहीत.