बर्फात मळलेल्या वाटेवर विसंबू नका

सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या अंगात एक सवय मुरलेली असते. वाट मळलेली दिसली की बिनधास्त जायचं. गुलमर्गला अफरवट पर्वताच्या उतारांवर शिकताना मला ती आधी सोडावी लागली. बर्फात दहा जण सुखरूप उतरतात आणि अकराव्याच्या पायाखाली अख्खा उतार तुटून हिमस्खलन होतं, कारण वरचा थर जिथे पातळ असतो नेमकं तिथेच त्याचं वजन पडतं.

आपल्याकडून हिवाळी ट्रेकला जाणारे किती बर्फ पडला एवढंच विचारतात. खाली काय दबलंय, हेही विचारा. पश्चिम हिमालयात बर्फ पडतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांमुळे, टप्प्याटप्प्याने. दोन वादळांच्या मध्ये स्वच्छ आकाशाच्या कडाक्याच्या रात्री येतात. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, पृष्ठभाग मात्र उणे १५ पर्यंत उतरतो. थर जेमतेम पाऊण मीटरचा असेल तर एवढ्या फरकाने खालची वाफ वर सरकते आणि कण एकमेकांना धरण्याऐवजी टोकदार, सुटे होतात. खड्डा खणून तो बर्फ हातात घ्या. साखरेसारखा बोटांतून गळतो, मूठ आवळली तरी गोळा होत नाही. त्यावर पुढच्या वादळात वाऱ्याने दाबलेला जड थर बसला की उतार तुटायला एका माणसाचं वजन पुरतं.

हे तपासायची एक साधी चाचणी शिकवतात. ३० सेंटिमीटर लांबीरुंदीचा बर्फाचा खांब चहूबाजूंनी मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापा मारायच्या : मनगटातून १०, कोपरातून १०, खांद्यातून १०. कितव्या थापेला तुटला याबरोबर कसा तुटला तेही पाहायचं. वरचा तुकडा सर्रकन पुढे आला आणि खालची कड सपाट राहिली, तर परत फिरा. खांब टिकला म्हणून मात्र परवानगी मिळाली असं समजू नका. खड्डा त्या एका जागेपुरतंच सांगतो.

बहुतेक स्लॅब हिमस्खलनं, म्हणजे अख्खा थर एकसंध तुटून घसरतो ती, ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. डोळ्यांचा अंदाज हमखास चुकतो, कोनमापक वापरा. ३० अंशांखालचा उतार निवडला आणि वर, बाजूला तीव्र उतार नसला, तर निम्मी काळजी मिटते. वादळानंतरच्या पहिल्या लख्ख सकाळी सगळ्यांचे पाय शिवशिवतात, पण वाऱ्याने आडोशाच्या बाजूला रचलेला बर्फ तेव्हा अजून स्थिरावलेला नसतो. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज आला किंवा तडा पुढे पळत गेला, तर त्याहून स्पष्ट इशारा मिळणार नाही.

शिकण्यासाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहेत. बेसिकला ए श्रेणी मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स कोर्सला घेतात, म्हणून पहिल्याच कोर्सला तयारीने जा. पण प्रमाणपत्राने उतार थांबत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का दांडा शिखरावर अ‍ॅडव्हान्स कोर्सचीच तुकडी हिमस्खलनात सापडली आणि २५ हून अधिक जण गेले. तेव्हा हिवाळाही सुरू झाला नव्हता. ही घटना मला आजही अस्वस्थ करते. संरक्षण खात्याची चंदीगडची डीजीआरई ही संशोधन संस्था हिमस्खलनाचे जिल्हावार इशारे देते, ते निघण्याआधी रोज वाचा. धोक्याच्या पाच पातळ्यांपैकी तिसरी ‘मधली’ म्हणून सोडून देऊ नका, आल्प्समध्ये त्या पातळीवरच खूप जीव गेले आहेत.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवंच. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, तेवढ्यात पोहोचतात ते फक्त सोबती. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतं आणि मोबाइलमुळे गोंधळतं, म्हणून शोधताना फोन बंद ठेवा. सरावाला बर्फ लागत नाही. पुण्यातल्या एखाद्या मैदानात सोबत्याला चालू बीकन गोणीत घालून लपवायला सांगा आणि घड्याळ लावून शोधा. शेवटच्या तीन मीटरांत बीकन जमिनीलगत धरून सावकाश फिरवायची सवय तिथेच लावून घ्या.