सूत्रकृमींवर बुरशी सोडताना

रोप उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या, तर आधी नखाने खरवडून बघा. गाठ सहज सुटली तर ती कडधान्याच्या मुळांवरची नत्राची गाठ, तिच्या वाटेला जाऊ नका. मुळाचाच भाग फुगलेला असेल तर सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे मातीतले अगदी बारीक जंत.

आर्थ्रोबोट्रिस ही बुरशी मातीत चिकट जाळी विणते आणि त्यात अडकलेल्या सूत्रकृमीच्या शरीरात शिरून त्याला आतून पोखरते. तिच्या काही भाऊबंदांकडे तर तीन पेशींचा फास असतो. सूत्रकृमी आत घुसला की पेशी क्षणार्धात फुगतात आणि तो आवळला जातो! बघायला भारी, पण शेतात मला सूत्रकृमीच्या अंड्यांवर वाढणारी पर्प्युरिओसिलियम ही बुरशी जास्त पटते. पाकिटावर बहुधा पॅसिलोमायसिस हे जुनंच नाव असतं.

ती लागवडीआधी चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा आणि जमिनीत ओल असताना मुळांच्या पट्ट्यात द्या. पाकिटाची मुदत तपासा. त्याच सुमारास बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी द्रावण ओतणं) नको, नाहीतर पैसे मातीत. रोपवाटिकेपासूनच सुरुवात केलेली बरी. मुळं गाठींनी भरल्यावर दिली तर त्या हंगामात फारसं हाती लागत नाही.