ब्रिजिडचा क्रॉस कसा विणावा

आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारीला वसंत सुरू होतो, बाहेर कितीही गारठा असला तरी. हा इम्बोल्क. साउइन, बेल्टेन आणि लुनासा यांच्यासोबतचा जुन्या गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या, वर्षातला चौथा सण. या सुमारास गाभण मेंढ्यांच्या आचळांत दूध उतरायला लागतं, आणि मध्ययुगीन आयरिश ग्रंथांत या दिवसाची ओळख मेंढीच्या दुधावरूनच दिलेली आहे. दिवस ब्रिजिडचा: काव्य, वैद्यकी आणि लोहारकामाची देवी, आणि त्याच नावाची किल्डेअरच्या मठाची संत. देवीची संत झाली की दोघी वेगळ्या, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. ३१ जानेवारीच्या संध्याकाळी तिच्या नावाचा क्रॉस, म्हणजे मध्ये चौकोन आणि चार हात असलेला काड्यांचा क्रूस, विणायला बसणारं घर त्यासाठी थांबत नाही.

इंटरनेटवर ‘प्राचीन इम्बोल्क विधी’ म्हणून स्फटिकं आणि रंगीत मेणबत्त्यांच्या याद्या फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. वर्षाला आठ सणांचं जे चक्र त्यात दाखवतात, ते विसाव्या शतकात जुळवलेलं आहे. क्रॉससुद्धा थेट देवीच्या काळातला आहे असं मी म्हणणार नाही, पण आयरिश खेड्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या विणला गेलाय.

साहित्य. पाणथळ कुरणात उगवणाऱ्या रश नावाच्या वनस्पतीच्या वीस-पंचवीस लांब, हिरव्या काड्या. आपल्या लव्हाळ्याची ही दूरची नातेवाईक. रीत काड्या उपटायची आहे, कापायची नाही. शिवाय सुतळी आणि कात्री. पाइप-क्लीनर किंवा प्लास्टिकच्या नळ्या मुलांना शाळेत ठीक आहेत.

सुरुवात. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून तिच्या मध्यावर अडकवा, दोन्ही टोकं उजवीकडे.

वीण. सगळी मेख इथे आहे, आणि बहुतेक व्हिडिओ नेमकं इथेच भराभर पुढे जातात.

हातातलं सगळं घड्याळाच्या उलट दिशेने पाव वळसा फिरवा. मघाशी उजवीकडे असलेली टोकं आता वर आली. नवी काडी दुमडा, वर आलेल्या सगळ्या काड्यांना मिठीत घेऊन टोकं उजवीकडे काढा, आणि खाली मध्याकडे सरकवून घट्ट बसवा. पुन्हा पाव वळसा, पुन्हा नवी काडी. चार काड्या अडकवून झाल्या की चारही हात दिसू लागतात. त्यानंतर प्रत्येक हाताला आधीच्या काड्यांच्या शेजारी नवी काडी येत जाते आणि मधला चौकोन मोठा होतो.

‘सगळ्या काड्यांना’ हे शब्द विसरू नका. दुसऱ्या फेरीपासून वरच्या हातात जुन्या काड्याही असतात. त्यातली एक जरी घडीबाहेर राहिली तरी चौकोन तिरका होतो, आणि ते चार-पाच काड्या पुढे गेल्यावर दिसतं. तसं झालं तर ओढाताण करू नका. त्या काडीपर्यंत उसवा.

दुसरं म्हणजे चिमूट. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मध्यावरून सुटता कामा नये, वळसा देतानाही नाही. माझी बोटं सुरुवातीला इथेच अडायची, कारण मी टेबलावर ठेवून विणायला बघत असे. टेबल विसरा, हातातच विणा. प्रत्येक काडी बसवल्यावर क्रॉस उजेडासमोर धरा. दोन घड्यांमधून उजेड दिसला तर काडी आणखी खाली सरकवा. रश वाळताना आकसतो, त्यामुळे आज जराशी सैल वाटणारी वीण काड्या वाळल्यावर खुळखुळते. आज गच्च वाटली तरच ती टिकते.

तिसरं, घडी एकदम मुडपू नका. काडीच्या आत पांढरा भुसभुशीत गर असतो, झटका दिला की ती तुटते. आधी अंगठ्यावर गोलसर वाकवा, मग दाबा. काड्या वाळल्या असतील तर आधी पाण्यात भिजवून मऊ करून घ्या.

बांधणी. शेवटच्या काडीला अडवणारं पुढे कोणी नसतं, म्हणून तिचा हात आधी बांधा. मग उरलेले तीन. टोकं सारखी कापा.

क्रॉस दाराच्या वर टांगतात. घराला आग लागू नये म्हणून, अशी समजूत आहे. त्याच रात्री खिडकीबाहेर किंवा झुडपावर एक कापड ठेवतात. ब्रिजिड जाताना त्याला स्पर्श करते असं मानतात, आणि डोकं दुखलं की ते कपाळाला बांधतात. सकाळी फक्त आठवणीने आत घ्या. जेवणात लोणी सढळ हाताने वापरा.

२०२३ पासून आयर्लंडमध्ये या सणाची सार्वजनिक सुट्टी आहे, ती साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी. १ तारीख शुक्रवारी आली तर त्याच दिवशी. सुट्टी आहे म्हणून विणकाम सोमवारवर ढकलू नका, ते ३१ जानेवारीच्या संध्याकाळचंच काम आहे.