अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका

आमच्या शेजारच्या पोरानं जूनमध्ये अकरावीची पुस्तकं रद्दीवाल्याला घातली आणि आलेल्या पैशात मिसळ हाणली. मार्चमध्ये तीच पुस्तकं शोधत गडी कोल्हापुरात राजारामपुरीभर फिरत होता.

एमएचटी-सीईटीत, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या राज्याच्या परीक्षेत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. पीसीएमचा (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) पेपर २०० गुणांचा, म्हणजे ४० गुण तिथलेच. त्यातही अख्खी अकरावी नाही, प्रत्येक विषयातली ठरावीक प्रकरणंच. ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम उघडायचा आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत त्या प्रकरणांवर पेन्सिलीनं खुणा करायच्या. दहा मिनिटांचं काम आहे, पण क्लासची जाडजूड गाईडं घेण्याआधी हे करा.

आता वेळेचं. फिजिक्स-केमिस्ट्रीला मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताला ५० प्रश्न, तेवढाच वेळ, पण प्रत्येकी २ गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळं शेवटची तीन मिनिटं राखून ठेवायची आणि उरलेल्या प्रश्नांना काहीतरी टिचकी मारायचीच. मात्र फिजिक्स-केमिस्ट्रीचं हे काम त्यांच्याच ९० मिनिटांत उरका; गणित सुरू झालं की मागं जाता येत नाही.

हीच सवय जेईई मेनला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेला, नेऊ नका बरं का. तिथं बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकलं की १ जातो.